देवघेव आणि अभिप्राय : उपनगरी ग्रंथालयातील वाचकमताचे स्वरूप

१

मराठी साहित्यसमीक्षेत ‘वाचक’ हा शब्द पदोपदी आढळतो. परंतु तो बहुधा एकवचनी असतो. ‘वाचकाला येथे असे जाणवते’, ‘वाचक या ठिकाणी थबकतो’ अशी वाक्ये लिहिताना समीक्षकाच्या मनासमोर जी व्यक्ती असते ती एकटी असते. तिच्या हाती पुस्तक आहे एवढेच गृहीत धरलेले असते. ते पुस्तक तिने कोठून आणले, कोणाच्या सांगण्यावरून आणले, आणि वाचून झाल्यावर त्याबद्दल ती कोणाशी काय बोलली, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानले जातात. ग्रंथालयशास्त्राला हे प्रश्न विचारता आले असते. पण त्याचे लक्ष ग्रंथाच्या प्रवासाकडे असते, ग्रंथाविषयीच्या बोलण्याकडे नसते. परिणामी वाचकावाचकांमध्ये चालणारा मतांचा व्यवहार हा दोन शास्त्रांच्या शिवेवरचा, कोणीच न कसलेला असा प्रदेश राहिला आहे.

या प्रदेशाची पाहणी मुंबईच्या उपनगरांतील मराठी ग्रंथालयांच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल : ग्रंथालयातील वाचकाचे तोंडी मत ही समीक्षेची पहिली पायरी आहे, पण दुसऱ्या पायरीवर जाण्यास एकच पुस्तक वाचलेले दोन वाचक परस्परांस भेटावे लागतात, आणि ग्रंथालयाच्या कार्याची आजवर रूढ झालेली मोजमापे या भेटीची दखल घेण्यास अपुरी आहेत.

२

प्रथम पार्श्वभूमी. केवळ मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी निघालेले पहिले मोठे ग्रंथालय, म्हणजे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ साली स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांचा त्याच्या स्थापनेत प्रमुख वाटा होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि पुढे त्याने शहरात व उपनगरांत शाखा काढल्या. विलेपार्ले येथे १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघाची स्थापना झाली, त्याचे श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय टिळक मंदिराच्या इतर उपक्रमांबरोबर वाढले. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयाला न. चिं. केळकर यांचे नाव आहे. या संस्थांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली अंधेरी, घाटकोपर या भागांपर्यंत आणि १९५७ साली बोरिवली-दहिसर व मुलुंड येथपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे पार्ल्याचा संघ निघाला तेव्हा पार्ले मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हते. उपनगर शहरात सामील होण्याच्या कितीतरी आधी तेथील रहिवाशांनी वर्गणी काढून आपले ग्रंथालय, व्याख्यानमाला व सभागृह उभे केले होते. उपनगरी ग्रंथालय हे शहराच्या मोठ्या ग्रंथालयाची धाकटी प्रतिकृती म्हणून जन्माला आले असे सरसकट म्हणता येत नाही. नोकरीसाठी रोज आगगाडीने शहरात जाणाऱ्या, आणि संध्याकाळी परतल्यावर आपल्या गावाला स्वतःचे असे काही सार्वजनिक जीवन असावे अशी इच्छा बाळगणाऱ्या वस्तीची ती निर्मिती होती.

दुसरी गोष्ट अर्थव्यवहाराची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद होती; महाराष्ट्राच्या कायद्यात ती नाही. येथे लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता देऊन शासनाने अनुदान द्यावे, अशी पद्धत स्वीकारली गेली. १९७० च्या नियमांनी या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरविली. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास यांसारख्या गोष्टींवर ती अवलंबून असते. हे सर्व मोजता येण्याजोगे आहे, आणि अनुदानासाठी मोजता येण्याजोगेच निकष लागतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की, ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात ग्रंथ किती वेळा बाहेर गेले हे येते. ते घेऊन जाणाऱ्यांचे परस्परांशी काही बोलणे झाले की नाही, हे येत नाही.

या उणिवेचे मूळ केवळ शासकीय नियमांत शोधणे अन्यायाचे होईल. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे भारतातील ग्रंथालयविचाराचा पाया आहेत. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. या सूत्रांचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. ग्रंथ कुलुपात ठेवण्याच्या वृत्तीवर त्यांनी केलेला आघात आजही आवश्यक वाटतो. परंतु त्यांची रचना पाहिली तर असे दिसते की, त्यांत ग्रंथ आणि वाचक यांचा संबंध दोन्ही बाजूंनी सांगितला आहे. वाचक आणि वाचक यांचा संबंध एकाही सूत्राच्या शब्दांत आलेला नाही.

३

आता भाषेकडे वळू. ग्रंथालयाच्या कार्यालयीन परिभाषेत पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीला ‘देवघेव विभाग’ म्हणतात. ‘देवघेव’ हा देणे आणि घेणे या क्रियांपासून सिद्ध झालेला जोडशब्द द्वंद्वाच्या वर्गातला आहे. त्यातील दोन्ही पदांना सारखे महत्त्व असते. परंतु ग्रंथालयाच्या व्यवहारात वाचक जे परत देतो ती त्याने घेतलेलीच वस्तू असते. त्याच्या पदरचे असे त्यात काही नसते. वाचकाला स्वतःचे असे काही देता येईल, तर ते त्याचे मतच होय. आणि तेच देण्याची सोय देवघेवीच्या खिडकीत नाही.

वाचक स्वतः हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो, ‘पुस्तक बदलून आणतो’. घरातील मुलाला ‘जाऊन पुस्तक बदलून ये’ असे सांगण्याचा प्रघात मुंबईच्या मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या होता. ‘बदलणे’ हे क्रियापद मराठीत सकर्मक आणि अकर्मक अशा दोन्ही प्रकारे, रूपात काहीही फरक न होता, चालते. ‘वाचक पुस्तक बदलतो’ हे जसे शुद्ध मराठी आहे, तसेच ‘वाचक बदलतो’ हेही आहे. पहिल्या वाक्यातील क्रिया अहवालात नोंदली जाते. दुसऱ्या वाक्यातील क्रियेचा मागमूस शोधणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

वाचकाने पुस्तक परत देताना उच्चारलेले मत बहुधा एका वाक्याचे असते : ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’, ‘पटलं नाही’, ‘फार भावलं’, ‘काही कळलं नाही’. या सर्व क्रियापदांचे व्याकरण एक आहे. अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत येते आणि क्रियापद पुस्तकाच्या लिंगवचनानुसार चालते : ‘मला कादंबरी आवडली’, ‘मला ग्रंथ आवडला’, ‘मला ती पुस्तके आवडली’. या रचनेत वाचक कर्त्याच्या जागी नाही. आवडण्याची क्रिया त्याच्या बाबतीत घडते. ही रचना केवळ मराठीची नव्हे. दक्षिण आशियातील भाषांमध्ये ती दूरवर पसरलेली आहे, आणि वर्मा व मोहनन यांनी १९९० साली संपादित केलेल्या ग्रंथात तिचा अनेक भाषांच्या आधारे ऊहापोह झालेला आहे. घाटकोपर व मुलुंड येथे मराठी आणि गुजराती कुटुंबे शेजारी राहतात. तेथील गुजराती वाचक ‘मने गम्युं’ म्हणतो तेव्हा त्याच्या वाक्याची बांधणी मराठी शेजाऱ्याच्या ‘मला आवडलं’ या वाक्यासारखीच असते. दोघांची कपाटे निराळी, मत सांगण्याचा साचा एक.

व्याकरणाच्या रचनेवरून समाजाच्या मनोवृत्तीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, याची जाणीव येथे ठेवली पाहिजे. मराठी वाचक निष्क्रिय आहे, असे या रचनेवरून सिद्ध होत नाही. मात्र संभाषणाच्या दृष्टीने तिचा एक परिणाम स्पष्ट आहे. ‘मला आवडलं’ हे विधान अनुभवाचे असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करता येत नाही. ‘नाही, तुम्हांला आवडलेलं नाही’ असे कोणी म्हणू शकत नाही. प्रतिवाद होत नाही तेथे समर्थनाची जबाबदारीही येत नाही. याउलट ‘कादंबरी चांगली आहे’ या वाक्यात विधान पुस्तकाविषयी असते. ते खोडता येते, म्हणून त्याला आधार द्यावा लागतो. पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजेच अनुभवाकडून मूल्यविधानाकडे जाणे. हे संक्रमण वाचक एकटा असताना क्वचितच होते. समोरच्या व्यक्तीने ‘का?’ असे विचारले की मग ‘मला’ हे पद मागे पडते, आणि ‘शेवट ओढूनताणून आणला आहे’, ‘ती बाई अशी वागणारच नाही’ अशी वाक्ये सुरू होतात. या वाक्यांत रचनेचा आणि व्यक्तिरेखेच्या संभाव्यतेचा विचार आहे. समीक्षेचे हे कच्चे द्रव्य पारिभाषिक शब्दांवाचून सिद्ध झालेले असते.

याहून अधिक बोलका दाखला ‘वाचवत नाही’ या प्रयोगाचा आहे. हे व्याकरणकारांनी सांगितलेले शक्य क्रियापदाचे रूप. ‘मला हे पुस्तक वाचवत नाही’ म्हणजे वाचण्याचे सामर्थ्य उरत नाही. परंतु सामर्थ्य न उरण्याची कारणे परस्परविरुद्ध असू शकतात. पुस्तक रटाळ असेल तरी ‘वाचवत नाही’. त्यातील दुःख सोसवत नसेल तरीही ‘वाचवत नाही’. एकीकडे पुस्तकाचा अव्हेर आहे, दुसरीकडे त्याच्या सामर्थ्याची कबुली आहे, आणि वाक्य तेच आहे. कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे बोलणाऱ्याचा स्वर, त्याचा चेहरा आणि ऐकणाऱ्याचा पुढला प्रश्न यांवरून ठरते. हे मत आकड्यांच्या किंवा चांदण्यांच्या भाषेत नोंदवायचे म्हटले, तर दोन्ही वाचकांची खूण एकाच खालच्या पायरीवर पडण्याचा संभव आहे. मतांची देवाणघेवाण समोरासमोर का व्हावी, याचे भाषिक कारण येथे सापडते.

४

असा प्रश्न ग्रंथालयात कोण विचारीत असे? जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयात कपाटे आत आणि वाचक बाहेर असत. वाचकाने यादी चाळून पुस्तकांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावेत, आणि त्यांपैकी जे जागेवर असेल ते कर्मचाऱ्याने काढून आणावे, अशी रीत होती. यादीतील नावावरून पुस्तकाची परीक्षा होत नसल्यामुळे रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातले पुस्तक हीच खरी सूची ठरे. ‘कसं आहे हो?’ हा प्रश्न अनोळखी माणसालाही विचारता येई. खिडकीपलीकडचा कर्मचारी हा दुसरा मध्यस्थ. वर्षानुवर्षांच्या सरावाने कोणत्या सभासदाला काय रुचते हे त्याला ठाऊक असे. तिसरा मध्यस्थ मूक होता : पुस्तकाच्या अखेरीस चिकटविलेली तारखांची पट्टी. ती भरलेली असली की पुस्तक अनेकांनी नेले हे कळे, आणि कोरी असली की धाडस करावे की नाही असा विचार पडे. चौथा प्रकार नियमाविरुद्धचा, म्हणजे समासात पेन्सिलीने केलेल्या शेऱ्यांचा. एकाने लेखकाशी वाद घालावा आणि त्याच्याखाली दुसऱ्याने त्या पहिल्याशी, असे समास ज्यांनी पाहिले असतील त्यांना ते निव्वळ विद्रूपीकरण म्हणून सोडून देता येणार नाही. पुस्तके खराब करण्याचे समर्थन अर्थातच होऊ शकत नाही; पण बोलण्यास अन्यत्र जागा नसली की बोलणे समासात जाते, एवढा बोध त्यावरून घेण्यास हरकत नाही.

मुक्तप्रवेशाची पद्धत आल्यावर वाचक स्वतः कपाटांपाशी जाऊ लागला. हा लाभ मोठा आहे, आणि रंगनाथनांच्या विचाराशी तो सुसंगतच आहे. पण त्याबरोबर रांग संपली आणि रांगेतले बोलणेही कमी झाले. संगणकीय नोंदणी येईल तेथे तारखांच्या पट्टीचीही गरज उरत नाही. यांतील कोणतीही सुधारणा मागे घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. सुधारणेमुळे जे नकळत गेले ते जाणीवपूर्वक निर्माण करावे लागेल, एवढाच मुद्दा आहे.

५

येथवरच्या विवेचनावरून ग्रंथालयातील वाचकमत हे नेहमीच हितकारक असते, असा समज होऊ नये. ‘हे पुस्तक फार जातं’ हे ग्रंथालयातले एक प्रभावी शिफारसवाक्य आहे. त्यात पुस्तकाविषयी काहीच सांगितलेले नसते. इतरांनी ते नेले एवढेच सांगितलेले असते. मागणीने मागणी वाढते आणि न गेलेले पुस्तक न जाणारेच राहते. लंडनच्या मूडी यांच्या वाचनालयाने (१८४२ ते १९३७) एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कादंबरीच्या तीन खंडी आकारापासून तिच्या नैतिक सोवळेपणापर्यंत किती गोष्टी नियंत्रित केल्या, याचा इतिहास प्रसिद्ध आहे. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३२ मध्ये इंग्रजी वाचकवर्गाची चिकित्सा केली तेव्हा वर्गणीच्या वाचनालयांनी अभिरुचीला सपाट केले, असा कठोर निष्कर्ष काढला. मराठीत ग्रंथालयांची खरेदी हा प्रकाशनव्यवसायाचा एक मुख्य आधार असल्यामुळे हा प्रश्न येथेही गैरलागू नाही. परंतु लीव्हिस यांच्या विवेचनात एक त्रुटी जाणवते. वाचकांनी कोणती पुस्तके नेली यावरून त्यांनी अभिरुचीची परीक्षा केली. ती पुस्तके नेणारे आपसांत काय बोलत, याला त्यांच्या पद्धतीत फारसे स्थान नव्हते. ‘फार जाणारे’ पुस्तक नेऊन ‘नाही पटलं’ म्हणणारा वाचक अशा पाहणीत अनुकूल मतांतच गणला जातो.

अभिरुची रुंदावण्याचे कार्य वाचक एकत्र आल्यावर होऊ शकते, याचे मराठीतील ठळक उदाहरण ‘ग्रंथाली’चे. १९७४-७५ च्या सुमारास मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांचे सहकारी यांनी सुरू केलेल्या या उपक्रमाने स्वतःला ‘वाचक चळवळ’ असे म्हटले, हे नावच अर्थपूर्ण आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. मध्यमवर्गीय वाचकाच्या नित्य परिचयात नसलेले जीवन या आत्मकथनांतून त्याच्या घरात आले. ‘वाचवत नाही’ या उद्गाराचे वर सांगितलेले दोन अर्थ अशाच पुस्तकांच्या बाबतीत निर्णायक ठरतात. ‘असली पुस्तकं वाचवत नाहीत’ एवढे बोलून जो वाचक पुस्तक परत करतो, त्याला पुस्तक जड गेले की आपल्याच शहरातील कावाखान्याचे वास्तव जड गेले, हे दुसऱ्या वाचकाने विचारले तरच उलगडते. कदाचित त्या वाचकाला स्वतःलाही ते तेव्हाच उलगडते. मत आधी तयार असते आणि नंतर सांगितले जाते, असे नेहमी घडत नाही. पुष्कळदा ते सांगता सांगता तयार होते.

६

अलीकडच्या दोन उपक्रमांची तुलना या संदर्भात उद्बोधक आहे. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा उपक्रम चालविला. वाचकाने आपल्याकडील सुस्थितीतील पुस्तके द्यावीत आणि दुसऱ्यांनी दिलेली न्यावीत, अशी त्याची कल्पना. येथे ‘देवघेव’ शब्दातील दोन्ही पदे प्रथमच सार्थ होतात, कारण वाचक स्वतःचे काही देतो. मात्र देणारा आणि घेणारा यांची गाठ पडेलच असे नाही. पुस्तकाबरोबर त्याविषयीचे मत जात नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची २००९ साली सुरू झालेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना निराळ्या तत्त्वावर उभी आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी एखाद्या वस्तीतील वाचकगटाकडे ठेवायची, गटाने ती आपसांत फिरवायची, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची, असे तिचे स्वरूप आहे. ही योजना पुढे परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही पोचली. येथे ग्रंथसंख्या अल्प आहे. परंतु एकच पेटी सर्वांची असल्यामुळे एकच पुस्तक अनेकांनी, आणि थोड्याच काळात, वाचलेले असण्याची शक्यता पुष्कळ आहे. मोठ्या ग्रंथालयात विपुलता असते, पण दोन सभासदांच्या वाचनाचा छेद लागणे योगायोगावर अवलंबून असते. मतांच्या देवाणघेवाणीच्या दृष्टीने पेटीची ही मर्यादाच तिचे बळ ठरते.

२०२० च्या टाळेबंदीत ग्रंथालये काही महिने बंद राहिली तेव्हा या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. पुस्तके अन्य मार्गांनीही मिळू शकत होती. पडद्यावर वाचता येत होती. जी जागा बंद झाली तिची पर्यायी व्यवस्था करणे अधिक कठीण होते. कारण ‘वाचणे’ ही मराठीत मुळात एकट्याची क्रिया नाही. संस्कृत ‘वाचयति’ म्हणजे बोलावयास लावणे, मोठ्याने म्हणणे. पोथी वाचली जाते ती ऐकणाऱ्यांसाठी. मौनवाचन ही त्या क्रियेची पुढली अवस्था. ‘अभिप्राय’ या शब्दाचा इतिहासही असाच विचारात घेण्याजोगा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ हेतू, मनातील आशय असा. टीकाकाराने उलगडावयाचा तो ग्रंथकाराचा अभिप्राय. आजच्या मराठीत ‘अभिप्राय’ म्हणजे ग्रंथावर दुसऱ्याने दिलेले मत. शब्द ग्रंथकाराकडून वाचकाकडे आला आहे. मराठी समीक्षेने मात्र वाचकाला तो अद्याप पुरतेपणी दिलेला नाही.

७

यावरून काही व्यावहारिक सूचना निघतात. उपनगरांतील ज्या ग्रंथालयांपाशी सभागृह किंवा निदान एक मोकळी खोली आहे, त्यांनी महिन्यातून एकदा एकाच पुस्तकावर सभासदांचे बोलणे घडवून आणावे; वक्ता बोलावू नये. वक्ता आला की वाचक पुन्हा श्रोता होतो. त्या पुस्तकाच्या चार-सहा प्रती आधी फिरवाव्यात. अभिप्रायवहीत ‘आवडले’ किंवा ‘नावडले’ असे रकाने आखण्याऐवजी ‘का?’ एवढाच प्रश्न छापावा. असल्या वह्या जपून ठेवल्या तर पन्नास वर्षांनी त्या मराठी अभिरुचीच्या इतिहासाचे साधन होतील. तारखांच्या पट्ट्या जपल्या गेल्या नाहीत, ही हानी आता भरून येणारी नाही.

विद्यापीठीय अभ्यासकांचेही येथे काम आहे. मूल्यविधानाची मराठी परिभाषा आजवर समीक्षकांच्या लेखनातून गोळा केली गेली. ‘पकड घेतं’, ‘खिळवून ठेवतं’, ‘डोक्यावरून जातं’, ‘मनात रेंगाळतं’ ही तोंडी परिभाषा कोणत्या वयाचे, व्यवसायाचे, बोलीचे वाचक कोणत्या पुस्तकांविषयी वापरतात, आणि ‘मला’ने सुरू झालेले वाक्य कोणत्या प्रश्नानंतर पुस्तकाकडे वळते, याचे क्षेत्रीय संकलन अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील ग्रंथालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येईल. त्यासाठी खिडकीपाशी उभे राहून ऐकण्याची तयारी हवी. समीक्षेतील एकवचनी वाचकाला अनेकवचन देण्याचे काम तेथून सुरू होऊ शकेल.